राहिलेला बार

“आजी, पप्पा सुरुंग शोधतात,” छकुली म्हणाली, आणि भूषणचं बोट माऊसवर होतं तसंच थांबलं.

शनिवारची संध्याकाळ होती. बारामतीत भिगवण रस्त्यापासून थोडं आत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो जेवणाच्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसला होता. मोनाली आत कणीक मळत होती. सोफ्यावर आई काळा चष्मा लावून बसली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती कळंबहून आली होती आणि डोळा बरा होऊनही अजून राहिली होती. तिनं नातीला सहज विचारलं होतं, तुजा बा रोज त्या डब्यात काय बगत बसतोय गं? आणि छकुलीनं सहज सांगितलं होतं. तिच्या शाळेत त्याच आठवड्यात कुठल्याशा धड्यात माइन म्हणजे सुरुंग असं शिकवलं होतं, आणि नवा शब्द ती नव्या पेन्सिलीसारखा जिथंतिथं वापरत होती. आत कणकेवर पडणाऱ्या मुठींचा आवाज चालूच होता. खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिची पिपाणी वाजत होती. भूषण पडद्याकडे बघत राहिला. करडे चौकोन, त्यांत निळे, हिरवे, लाल आकडे. वर्षानुवर्षं तो हा खेळ खेळत आला होता. दहावीनंतर बारामतीत कॉम्प्युटरच्या क्लासला गेला तेव्हापासून. माऊसची सवय व्हावी म्हणून सरांनी सगळ्यांना तो उघडून दिला होता. बाकीची पोरं कुठंही दाबत, उडालं की खिदळत. त्याला मात्र पहिल्याच दिवशी असं वाटलं होतं की आपल्याला कुणीतरी एका थंड, शांत खोलीत आणून बसवलंय. इथं नीट विचार केला तर काहीही होत नाही. माइनस्वीपर, हे नाव त्यानं शेकडो वेळा वाचलं असेल. पण त्याचा मराठीत काय अर्थ होतो हे त्यानं मनातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. तो शब्द त्यांच्या घरात कुणी काढतच नसे. दिवाळीत सुरसुऱ्या आणत, सुतळी बॉम्ब आणत नसत, आणि का आणत नाही हे कुणी कुणाला विचारत नसे.

“कुठं?” आईनं विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

“या चौकोनांत. लपलेले असतात. आकड्यांवरून ओळखायचे,” छकुली म्हणाली.

“आकडं कुनी लिवल्यात?”

“कॉम्प्युटरनं.”

आईनं पडद्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, “म्हंजी आदीच सांगत्यात व्हय, किती पेरल्यात त्ये?”

“हो की. इथं वर लिहिलेलं असतं. हे बघ, चाळीस.”

आई उठली. सोफ्याच्या हाताला धरून, टेबलाच्या कडेला धरून ती आली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. चष्मा काढून तिनं पदरानं पुसला नि परत लावला. “भूषण,” ती म्हणाली, “मला शिकीव.”

तो म्हणाला, आई, डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नको म्हणून सांगितलंय. ती म्हणाली, डागदर मोबाईलचं बोलला, ह्यो मोटा हाय. तो म्हणाला, उद्या शिकवतो. ती नुसती बसून राहिली, आणि लहानपणापासून त्याला ठाऊक होतं की आई अशी बसली म्हणजे आता तिथून हलत नाही. त्यानं नवा डाव उघडला. आपण हे काय करतोय असं त्याच्या मनात आलं. तरी तो बोलायला लागला, ऑफिसात नव्या पोराला पंपाचं ड्रॉइंग समजावून देताना बोलायचा त्याच आवाजात.

“हे सगळे झाकलेले चौकोन. एकेक उघडत जायचं. सुरुवातीला कुठलाही उघड, पहिल्याला कधीच उडत नाही.”

“का बरं?”

“तसं ठरवलेलंच असतं. सुरुवात तरी करता यावी म्हणून.”

“बरं हाय,” आई म्हणाली. त्यानं तिचं बोट धरून माऊसवर ठेवलं. तिनं मधोमध दाबलं आणि पडद्यावरचा मोठा तुकडा एकदम मोकळा झाला. “आगं! वाफ्यात पानी सोडल्यावानी पसरलं.”

“रिकामा चौकोन आला म्हणजे त्याच्या आजूबाजूला काहीच नाही. म्हणून तो आपणहून शेजारचेही उघडतो. आता कडेला हे आकडे आले बघ. हा एक. म्हणजे याला लागून जे आठ चौकोन आहेत, वरचे, खालचे, बाजूचे, कोपऱ्यातले, त्या सगळ्यांत मिळून एकच सुरुंग आहे. दोन असेल तर दोन. तीन असेल तर तीन.” सुरुंग हा शब्द तो म्हणून गेला होता. काही झालं नाही. पंखा फिरत होता. “आता या कोपऱ्यातला एक बघ. याचे शेजारी सगळे उघडलेत, झाकलेला एकच उरलाय. मग सुरुंग कुठं?”

“त्येच्याखालीच की.”

“बरोबर. तिथं झेंडा लावायचा, हे उजवं बटन. झेंडा लावला की चुकून हात लागला तरी तो उघडत नाही. आता त्याच्या शेजारचा हा दुसरा एक. यालाही तोच सुरुंग लागून आहे. म्हणजे याचा सापडला. मग याचे बाकीचे चौकोन बिनधोक, ते उघडायचे. तिथं नवे आकडे येतात. असं एकावरून दुसरं. सुरुंग सोडून बाकी सगळे उघडले की जिंकलो.”

“आन झेंड्याखालचं?”

“ते तसेच राहतात. त्यांना हात लावायचाच नाही.”

आईनं मान हलवली. ती हळूहळू खेळायला लागली. ती आकडे ओठांनी पुटपुटत होती, बोट हवेत फिरवून शेजारी मोजत होती, आणि चुकतही होती. झेंडे लावायचा तिला कंटाळा होता. भूषण ‘थांब, थांब’ म्हणेपर्यंत ती दाबून मोकळी होई. खाली कोपऱ्यात एका ठिकाणी ती अडली. दोन चौकोन राहिले होते. शेजारच्या आकड्यांवरून एवढंच कळत होतं की दोघांपैकी एकाखाली आहे.

“हितं कसं वळकायचं?”

“इथं नाही ओळखता येत.”

“इचार करूनबी?”

“विचार करूनही नाही. दोन्हीकडून आकडे सारखेच आहेत. कधीकधी होतं असं.”

“मग?”

“मग अंदाज,” तो म्हणाला. पण त्यानं स्वतः आजवर कधी अंदाज केला नव्हता. अशी जागा आली की तो डाव बंद करून दुसरा उघडायचा. हे कुणालाच माहीत नव्हतं. मोनाली एकदा मागं उभी राहून बघत होती, तेव्हा म्हणाली होती, अहो, एवढा जिंकत आणलेला सोडला का? त्यावर तो चहा मागायला लागला होता.

आईनं डावीकडचा दाबला. सगळा पडदा काळ्या ठिपक्यांनी भरून गेला. “आगं बया, एवढं व्हतं व्हय!” ती म्हणाली, आणि हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली. छकुलीही हसायला लागली. भूषण उठून खिडकीशी गेला. राग आला होता, आणि तो कुणाचा हे त्याला कळत नव्हतं. कशी हसू शकते ही? ज्या बाईनं विहिरीच्या वरंब्यावर बसून ते सगळं बघितलं, तिला त्या काळ्या ठिपक्यांचं हसू यावं? खाली रस्त्यावर एक बाई भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत चालली होती. तिच्याकडे तो ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

“भूषण,” आई मागून म्हणाली, “सोमा आपली हीर परत धरनार हाय. मी व्हय म्हनलंय.”

सोमा म्हणजे सोमनाथ, त्याचा धाकटा भाऊ, कळंबला शेती बघायचा. आणि हीर, म्हणजे विहीर, ती एकच. माळावरची. आबांची.

त्याचे आबा, श्रीपती, विहिरी फोडायचे. इंदापूर तालुक्यात त्या काळी जो तो विहीर पाडत होता, आणि खडक लागला की श्रीपतीला बोलावणं यायचं. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर भोकं पाडायची, त्यांत जिलेटिनच्या कांड्या आणि त्या उडवणाऱ्या केपा भरायच्या, वर माती ठासायची, वाती पेटवायच्या आणि दोराला धरून वर यायचं. वर आल्यावर हात तोंडाशी नेऊन हाळी द्यायची, ‘बार हाय रं, बार!’ मग रानातले लोक जिथं असतील तिथून लांब पळत. मग आवाज मोजायचे, पेटवलेल्या वातींपेक्षा एक कमी भरला म्हणजे एक बार आत राहिला. भूषणच्या आज्याला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. पाणी वरून ओंजळीत ओतत. आणि त्याच गावच्या, आसपासच्या दहा गावांच्या विहिरींना आबांनी पाणी काढून दिलं. शेवटी स्वतःच्या माळावर धरली. एरवी दुसऱ्यांचं काम, आणि मधे काम नसेल त्या दिवशी आपलं. आई काठच्या वरंब्यावर घमेली ओढायला असे. भूषण तेव्हा वालचंदनगरला शाळेत जायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला वर्गात बसल्या बसल्या लांबून बारांचे आवाज येत, धप्प, धप्प, जमिनीतून आल्यासारखे, आणि बाकावर ठेवलेल्या कोपराला ते कळत. पोरं म्हणत, तुजा बा उडवतोय. त्यालाही ते आवडे.

त्या दिवशी गणिताचा तास होता. बार वाजले. एकामागून एक, मधे दोन जवळजवळ एकदम. मग शांत झालं. सर फळ्यावर लिहीत होते, खडू तुटला, त्यांनी दुसरा घेतला. बराच वेळ गेला. एक गणित होऊन दुसरं सुरू झालं होतं. आणि मग आणखी एकच बार वाजला, एकटाच, जरा जड. राहिला होता तो उडाला वाटतं, असं भूषणच्या मनात आलं, आणि त्याला बरं वाटलं. अगदी साधं बरं वाटलं, अर्धवट राहिलेलं काही पुरं झाल्यावर वाटतं तसं. तासाभरानं चुलता सायकलवर शाळेत आला. त्यानं काही सांगायच्या आधीच, त्याचा चेहरा दारात दिसल्याबरोबर, भूषणला तो आवाज परत ऐकू आला. नंतर आयुष्यात जेव्हा जेव्हा काही मनासारखं पुरं झालं, नोकरीची ऑर्डर आली, फ्लॅटची किल्ली हातात पडली, छकुली झाली तेव्हा नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा तेव्हा त्या बरं वाटण्याच्या मागोमाग एक भीती यायची. दारात कोण उभं राहील आता?

दिवसकार्याला लोक जमले, बुद्धवंदना झाली, आणि मग ओट्यावर बसून सगळे तेच म्हणत होते. श्रीपतीनं घाई केली. एक बार राहिलाय म्हनताना थांबायला नको का? एवढा जुना मानूस, पर घाई केली. कॉम्प्रेसरवाला म्हणाला, चुलता म्हणाला, मास्तर म्हणाले. काही जण म्हणत होते, एक नव्हे, दोन राहिले होते. म्हणजे आत अजून एक आहे. त्यावर वाद झाला आणि मिटला नाही. विहिरीत वेड्या बाभळीच्या फांद्या पडल्या, पाणी साचलं, त्या बाजूला जनावरंसुद्धा कुणी सोडेना. भूषणनं मात्र त्या बोलण्यातला एक शब्द उचलला आणि त्याच्यावर सगळं घर बांधलं. घाई. आबांनी घाई केली. म्हणजे घाई केली नाही तर काही होत नाही. तो थांबायला शिकला. रस्ता ओलांडायला थांबायचा, होकार द्यायला थांबायचा. चाकणला नोकरीची चांगली जागा आली होती, विचार करतो म्हणाला, आणि विचार पुरा होईस्तोवर ती दुसऱ्याला गेली. मोनालीला दुसरं मूल हवं होतं. त्यावरही विचार चालू होता, छकुली अकरा वर्षांची झाली तरी. तिला सायकल घेतलेली होती, ती पार्किंगमधून बाहेर न्यायची नाही असं ठरलेलं होतं. “तुम्ही ना,” मोनाली एकदा भांडणात म्हणाली होती, “जगताच कुठं? नुसते झेंडे लावत बसता.” तो तेव्हा दुखावला होता. पण मनात असंही आलं होतं, चालू दे, कुणी उडालं तर नाही ना अजून?

त्या रात्री जेवताना तो आईला एवढंच म्हणाला, “आत अजून असला तर?”

“आसंल,” आई म्हणाली. “न्हायतर नसंलबी. म्हनून तर म्हनलं शिकीव. तुमच्यात वळकायची कायतरी रीत आसंल म्हनून.” तिनं भाकरीचा तुकडा मोडला. “रीत चांगली हाय. पर मोजून देनारा पायजे.”

पुढच्या आठवड्यात सोमनाथचा फोन आला, पाणी उपसून झालंय, तळ मोकळा केलाय, बारवाला येतोय. आई तयार होऊनच बसली होती. भूषणनं रजा टाकली. मोनाली म्हणाली, मी येऊ का? तो म्हणाला, छकुलीची शाळा आहे. खरं म्हणजे त्याला त्या दोघी त्या माळाच्या आसपाससुद्धा नको होत्या. सणसर मागं पडलं, दोन्ही बाजूंनी ऊस लागला, कालवा मधेच चमकून जाई. आई खिडकीची काच खाली करून बसली होती आणि वाटेतल्या रानांकडे बोट दाखवून सांगत होती, ही तुज्या बानं फोडल्याली, ही बी त्यानंच, हिला लय दिस पानी लागंना. इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. भूषण स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी चालवत होता. तिला थांबवावं की ऐकावं हे त्याला ठरवता येईना, आणि मधल्या मधे कळंब आलं.

माळावर यारी उभी होती, विहिरीतला दगड वर काढायची, लोखंडी डबा लटकणारी. सोमनाथ पुढं आला, “जय भीम, दादा,” म्हणाला आणि आईच्या हाताला धरून तिला बाभळीखाली खुर्चीवर नेऊन बसवलं. बारवाला रामहरी वडगाव निंबाळकरचा होता, पन्नाशीचा, परवाना असलेला. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायांकडे बघायचा. भूषण काठापासून लांबच उभा राहिला. त्याला तिथूनही विहिरीचा ओला, कुजका वास येत होता.

“समदं धुवून बगितलं,” रामहरी म्हणाला. “जुनी भोकं दिसत्यात, पर बुजून दगडासारकी झाल्यात. कुटलं रिकामं, कुटलं भरल्यालं, न्हाय सांगता येत.”

“मग?”

“मग जुन्याला हात लावायचाच न्हाय. मी लांबून नवी भोकं घेतल्यात. ती उडली की आत काय आसंल-नसंल त्येबी त्येंच्यासंगं जातंय.”

“म्हणजे तेव्हा कळेल ना? होता का नव्हता ते?”

रामहरीनं पहिल्यांदा वर बघितलं. “न्हाय कळायचं, साहेब. आता वाती न्हायत. तार आन बटन. समदं येकाच दनक्यात जातंय. त्यातला कुटला कुनाचा, कोन सांगनार?”

इतकी वर्षं त्याच्या डोक्यात विहिरीच्या तळाचा एक तुकडा झाकलेला पडून होता. तो एक दिवस उघडेल, किंवा कधीच उघडणार नाही, या दोन्हीची त्याला सवय झाली होती. पण तो उघडेल आणि तरीही काही दिसणार नाही, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. तो आईपाशी आला. सगळ्यांनी लांब, शेजारच्यांच्या पत्र्याच्या शेडमागं जायचं होतं. तिला हाताला धरून नेताना तो मागं वळून ओरडला, “रामहरी, बटन दाबल्यावर लगेच जाऊ नका बघायला. घाई करू नका!”

“त्यानं घाई केली न्हवती,” आई म्हणाली.

तो थांबला.

“चल, पाय उचल,” ती म्हणाली, आणि चालता चालताच बोलायला लागली, समोर बघत, काळ्या चष्म्यातून. “एक राहिला म्हनून त्योच वरडला समद्यांला, कुनी हलू नगा. माज्याशेजारी बसला. बिडी वडली. दुसरी वडली. मी म्हनलं, जेवून घे. जेवला. हात धुतलं. कॉम्प्रेसरवाला म्हनत व्हता, चल की गड्या, कवर बसतो? तरीबी ह्यो उठंना. मग लय वेळानं म्हनला, आता विझली आसंल वात. गेला. हळूच गेला. त्येनं कायबी चुकीवलं न्हवतं.”

“मग सगळे…” भूषणनं विचारलं. “मग तू कधी बोलली का नाहीस? सगळे घाई केली, घाई केली म्हणत होते.”

“म्हनू दिलं. त्या समद्यांला दुसऱ्या दिशी त्याच कामावर जायाचं व्हतं, बाबा. श्रीपतीनं घाई केली म्हनलं की त्येंला खाली उतराय धीर यायचा.” ती दम घ्यायला थांबली. “आन तुलाबी बरं वाटत आसंल म्हनून गप बसले. तू तवापास्नं नीट ऱ्हायला लागला व्हतास.”

शेडमागं सोमनाथनं तिला पोत्यावर बसवलं. भूषण पत्र्याला टेकून उभा राहिला. पत्रा तापला होता, पाठीला चटका बसत होता, तरी तो हलला नाही. आबा बसले होते. जेवले होते. हात धुतले होते. त्याला ते हात धुणारे हात दिसत होते, तांब्या तिरपा करून, बोटं एकात एक घालून, घाई नसलेल्या माणसासारखे. आणि वर्गात फळ्यावर एक गणित संपून दुसरं सुरू झालं होतं, तो वेळ त्याला तेव्हा रिकामा वाटला होता. तो वेळ आबा विचार करत होते. जेवढा विचार माणसाला करता येतो तेवढा त्यांनी केला होता. मग आपण हे काय केलं? चाकण, छकुलीची सायकल, मोनालीचं ते गप्प होऊन कुशीवर वळणं. ज्या पायावर आपण हे सगळं रचलं तो पाया खाली नव्हताच. आईनं तो तसाच राहू दिला होता, पोराला बरं वाटतं म्हणून. त्याला तिचा राग यावा असं वाटलं, पण तो येईना. ती पोत्यावर बसून पायातला काटा काढत होती. त्याला खूप भीती वाटली, आणि ती नेहमीची नव्हती. नेहमीच्या भीतीला निदान कडा असायच्या.

“बार हाय रं, बार!” सोमनाथ ओरडला. त्याचा आवाज आबांसारखा आहे हे भूषणला आज पहिल्यांदाच जाणवलं. आणि मग जमीन पायाखाली उचलल्यासारखी झाली. एकच दणका, मोजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पत्र्यावर खडे पडले. उसातून बगळे उठले. माळावर धुराचा पांढुरका पडदा उभा राहिला आणि वाऱ्यानं हळूहळू कलंडला. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

धूर जायला वेळ लागला, मग सगळे परत विहिरीपाशी आले. रामहरी काठावर उकिडवा बसून होता. मग तो एकटा डब्यात बसून खाली गेला आणि यारीची तार थांबली. भूषणनं काही मोजलं नाही, मोजायचं काय हेच त्याला कळेना. खालून हाक आली, “पानी हाय रं!” सोमनाथनं टोपी उडवली. वर आल्यावर रामहरी चिखलानं भरला होता. “कपारीतनं येतंय. चांगलं येतंय,” तो म्हणाला.

“खाली सगळं ठीक आहे?” भूषणनं विचारलं.

“माज्या बगन्यापुरतं हाय,” रामहरी त्याच्या बुटांकडे बघत म्हणाला. “त्येच्या म्होरलं मी कुनालाच सांगत न्हाय.”

भूषणनं बूट काढले. एका नाडीची गाठ सुटेना, तो बूट त्यानं तसाच ओढून काढला. सोमनाथ म्हणाला, “दादा, तू कशाला? राहू दे.” डब्याची कड गार आणि चिकट होती. यारी कुरकुरली, आणि माळ, बाभूळ, आईची खुर्ची हे सगळं वर सरकत गेलं. उरलं ते दगडांच्या भिंतींचं एक कडं आणि वर आभाळाचं ताट. आपण चुकतोय का, हे त्यानं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच डबा टेकला. कडेला धरूनच तो बाहेर उतरला. खाली दगड अजून कोमट होते. जळका, तिखट वास नाकात बसला. कपारीतून अंगठ्याएवढी धार येत होती आणि फुटलेल्या दगडांमधून वाट काढत त्याच्या तळव्यांखाली शिरत होती. आबा यातल्या कुठल्या जागी होते, हे आता कुणालाच दाखवता आलं नसतं. त्यानं डब्याची कड सोडली.

“भूषण!” वरून आई ओरडत होती. तिचं डोकं काठावर एवढंसं दिसत होतं, सोमनाथनं तिला मागून धरलं होतं. “पी त्ये! पानी लागलं की तुजा बा आदी घोटभर प्यायचा, मग वर हाळी द्यायचा!”

त्यानं ओंजळ धारेखाली धरली. तोंडात रेती आली, धुराची चव आली, आणि त्याखाली गार, गोडसर असं काहीतरी. तो प्याला. “काय हाळी द्यायचे आबा?” त्यानं विचारलं. विहिरीत त्याचा आवाज घुमून परत आला.

मग आई म्हणाली, “शिवी द्यायचा! घान शिवी हासडायचा पान्याला! आय-माय समदी काढायचा!”

वर सगळे हसले. भूषण मान वर करून उभा होता. तो शिवी आठवत होता. घरी नाही, ऑफिसात नाही, गाडी चालवताना नाही, मित्रांत नाही, कधी कुणाला त्यानं शिवी दिली नव्हती. जीभ उचलायला लागली की तो थांबायचा. मग त्यानं तोंड उघडलं आणि शाळेत पोरं द्यायची तसली, त्याला वाटलंही नव्हतं की आपल्याला येते अशी एक शिवी भिंतींवर आदळत वर गेली. तिचं टोक मधेच फाटलं. वर पुन्हा हसू फुटलं, त्यात आईचंही होतं. इतक्या वरून त्याचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता.

“वडू का वर, दादा?” सोमनाथनं हाक मारली.

“थांब जरा,” भूषण म्हणाला. तो उभा होता त्या खळग्यात पाणी घोट्याच्या वर आलं होतं.